फटी बुजवल्या, मग हवा कुठून येणार?

"पीएच.डी. कशावर करतेयस?" या प्रश्नाला माझं खरं उत्तर "घरातल्या हवेच्या इतिहासावर" असं आहे. ते ऐकून बहुतेक जण विषय बदलतात. कॅनडात किंवा जर्मनीत घर घेतलेली मराठी मंडळी मात्र लगेच विचारतात, "मग सांग, एचआरव्ही कोणतं घेऊ?"

एचआरव्ही म्हणजे हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन. घरातली शिळी हवा बाहेर टाकताना तिच्यातली ऊब काढून घ्यायची आणि ती आत येणाऱ्या ताज्या हवेला द्यायची, एवढं काम करणारं हे यंत्र. थंड देशांत आता नवीन घरात ते सर्रास बसवतात. माहितीपत्रकावर सगळ्यात मोठ्या अक्षरात एक टक्केवारी छापलेली असते: ८५ टक्के, ९० टक्के, कुठे ९५. साहजिकच लोक तीच बघून यंत्र निवडतात.

कोणत्या कंपनीचं घ्यावं ते मी सांगू शकत नाही, तो माझा विषयच नाही. पण त्या माहितीपत्रकाकडे मी कागदपत्र म्हणून बघते. त्यातला जवळजवळ प्रत्येक आकडा तिथे येण्यामागे कुठलीतरी फजिती किंवा वाद आहे. आणि गंमत म्हणजे, ज्या टक्केवारीकडे आपण आधी बघतो, तिच्यामुळे घरं फारशी बिघडलेली दिसत नाहीत. बिघडली ती पत्रकाच्या खालच्या भागातल्या बारीक आकड्यांमुळे. ते आकडे कुठून आले, ते आज सांगते.

आधी यंत्राचं गणित

यंत्रात दोन पंखे, दोन फिल्टर आणि मधोमध पातळ पडद्यांची एक चळत असते. न्हाणीघर, संडास, स्वयंपाकघर इथली दमट हवा नळ्यांतून या चळतीकडे येते. बाहेरची हवा दुसऱ्या बाजूने येते. दोन्ही हवा पडद्यांच्या अल्याड-पल्याड वाहतात, मिसळत नाहीत. जाणारी हवा आपली ऊब पडद्यातून देते आणि गार होऊन बाहेर पडते. येणारी हवा तापून झोपायच्या आणि बसायच्या खोल्यांत जाते.

एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला साधारण ०.३४ वॉट-तास ऊर्जा लागते. समजा घराला तासाला १०० घनमीटर ताजी हवा हवी आहे. बाहेर उणे ३० अंश, आत २० अंश, म्हणजे ५० अंशांचा फरक. हवा नुसती खिडकीतून घेतली तर ती तापवायला सतत १,७०० वॉट लागतील. खोली गरम करायचा एक मोठा हीटर रात्रंदिवस चालू ठेवण्यासारखंच हे. यंत्राने ८० टक्के ऊब परत मिळवली तर हीच गरज ३४० वॉटवर येते.

आता हेच गणित पुण्याच्या डिसेंबरातल्या रात्रीला लावा. बाहेर १० अंश, आत २० अंश. यंत्र नसलं तरी लागतील ३४० वॉट, आणि तेही पहाटेचे काही तास. आपल्याकडे हे यंत्र घरोघरी का आलं नाही, याचं निम्मं उत्तर इथेच मिळालं.

युक्ती जुनी, घरात यायला दीडशे वर्षं

जाणाऱ्याची ऊब येणाऱ्याला देण्याची कल्पना काही नवी नाही. स्कॉटलंडचा पाद्री रॉबर्ट स्टर्लिंग याने १८१६ मध्ये आपल्या इंजिनाचं पेटंट घेतलं, त्यात ऊब साठवून परत देणारा भाग होता. १८५६ मध्ये फ्रीडरिख सीमेन्सने हेच तत्त्व भट्टीला लावलं. भट्टीतून जाणाऱ्या धुराने विटांची जाळी तापवायची आणि मग त्याच जाळीतून आत येणारी हवा सोडायची. काच आणि पोलाद बनवण्याची पद्धतच त्याने बदलली. १९२० मध्ये स्वीडनच्या फ्रेडरिक ल्युंगस्ट्रॉमने बॉयलरसाठी फिरतं चाक वापरलं. चाकाचा अर्धा भाग गरम धुरात, अर्धा ताज्या हवेत, आणि चाक सावकाश फिरतं. आज मोठ्या इमारतींतल्या वायुवीजनात जी फिरती चाकं दिसतात, ती याच कुळातली.

मग घरात हे यायला १९७० चं दशक का उजाडावं लागलं? कारण कारखान्यात जळणाचा हिशोब पै-पैचा होता. घरात तसा नव्हता, कोळसा आणि तेल स्वस्त होतं. आणि त्याहून महत्त्वाचं, घराला हवा आणून द्यावी लागतच नव्हती. दारं-खिडक्यांच्या फटी, धुराडं, फळ्यांमधल्या भेगा यांतून वारा आपणहून यायचा. यंत्राने ऊब परत मिळवायची तर हवा यंत्रातूनच जायला हवी. ती जर शंभर फटींतून पळून जात असेल, तर यंत्र काय करणार?

म्हणूनच मी या यंत्राचा इतिहास फटींच्या इतिहासाला जोडून वाचते. त्याची सुरुवात म्युनिकमध्ये होते.

पेटेनकोफर आणि श्वास घेणाऱ्या भिंती

माक्स फॉन पेटेनकोफर हा म्युनिकचा आरोग्यशास्त्रज्ञ. १८५८ मध्ये त्याने घरांतल्या हवेच्या अदलाबदलीवर अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजून खोलीतली हवा किती शिळी झाली आहे ते ठरवायचं, ही त्याची रीत. त्याने घातलेली मर्यादा ०.१ टक्का, म्हणजे आजच्या भाषेत १,००० पीपीएम. आज भिंतीवर लावायची कार्बन डायऑक्साइडची छोटी मीटरं मिळतात. त्यांवर हिरव्याचा पिवळा दिवा बहुधा याच आकड्याच्या आसपास होतो. आकडा पेटेनकोफरचा, फक्त दिवा नवा.

त्याचा दुसरा प्रयोग मात्र लोकांना भलतीकडे घेऊन गेला. त्याने स्वतःच्या अभ्यासिकेत मोजमाप केलं. खोली ७५ घनमीटरची होती. आत-बाहेर सुमारे २० अंशांचा फरक असताना तासाला जवळजवळ ७५ घनमीटर हवा बदलत होती. मग त्याने दिसतील त्या फटी कागदाने चिकटवून बंद केल्या आणि पुन्हा मोजलं. आकडा ५४ वर आला, त्याखाली जाईना. उरलेली हवा कुठून जाते? त्याचा निष्कर्ष: विटांच्या भिंतींतून. वीट आणि चुना सच्छिद्र असतात, फुंकर मारली तर पलीकडची मेणबत्ती विझवता येते, हे तो व्याख्यानांत करूनही दाखवायचा.

यातून 'भिंती श्वास घेतात' ही समजूत युरोपभर पसरली. ती इतकी पक्की बसली की आजही जर्मनीत कुणी घराला बाहेरून थर्माकोलसारखं आवरण लावायला निघालं, की शेजारी सांगतात, भिंतींचा श्वास कोंडेल आणि बुरशी येईल. १९२८ मध्ये एर्विन राइशने बांधकामाचे वेगवेगळे भाग घेऊन त्यांतून किती हवा जाते ते मोजलं. गिलावा केलेल्या भिंतीतून जाणारी हवा नगण्य निघाली. हवा जाते ती सांध्यांतून, म्हणजे खिडकीची चौकट, दाराचा उंबरठा, छत आणि भिंत मिळतात ती जागा. पेटेनकोफरच्या खोलीतली ५४ घनमीटर हवाही अशाच, त्याला न दिसलेल्या वाटांनी जात असणार.

पुढच्या सगळ्या गोष्टीचा पाया हाच आहे. भिंत श्वास घेत असेल, तर फटी बुजवल्या तरी चालतं, हवा मिळतच राहील. पण भिंत श्वास घेत नसेल, तर फटी बुजवताच हवा बंद होते आणि ती मुद्दाम आणावी लागते. १९७३ नंतर जगाला या दोन्हींतलं खरं काय ते प्रत्यक्ष अनुभवायला मिळालं.

तेल महागलं, घरं बंद झाली

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलपुरवठा रोखला आणि काही महिन्यांत तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले. थंड देशांत घर गरम ठेवणं हा एकाएकी राष्ट्रीय प्रश्न बनला. फिलिप्स कंपनीने जर्मनीतल्या आखेन इथे प्रयोगाचं घर उभारलं. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात वाग्न कोर्सगोर आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये शून्य-ऊर्जा घर बांधलं. दोन्हींत जाडजूड आवरण होतं, आणि दोन्हींत जाणाऱ्या हवेची ऊब परत घेण्याची सोय होती.

पण मला सगळ्यात आवडतं ते कॅनडाच्या सस्कॅचवन प्रांतातलं, रेजायना शहरातलं घर. १९७७ मध्ये ते पूर्ण झालं. प्रांताच्या सरकारला खरं तर सूर्यावर चालणारं घर हवं होतं. संशोधकांच्या गटात हॅरोल्ड ऑर, रॉब ड्यूमॉन्ट, विद्यापीठातले रॉबर्ट बेझंट अशी मंडळी होती. त्यांनी हिशोब मांडला. तिथल्या हिवाळ्यात दिवस लहान आणि पारा उणे ३० च्या खाली. सूर्याची ऊब गोळा करण्यापेक्षा घरातली ऊब बाहेर जाऊ न देणं कितीतरी स्वस्त पडत होतं. म्हणून त्यांनी दुहेरी भिंती बांधल्या, मधे सुमारे एक फूट जाडीचं आवरण भरलं, आणि प्लास्टिकचा अखंड पडदा घराभोवती असा लपेटला की सांधा न सांधा बंद व्हावा. घरात नेहमीची भट्टी नव्हतीच.

घर किती बंद झालं हे कळायला मोजमाप हवं. दारात पंखा बसवायचा, त्याने घरातली हवा बाहेर खेचायची आणि आत-बाहेर ५० पास्कलचा फरक ठेवायचा. ५० पास्कल म्हणजे जेमतेम पाच मिलिमीटर पाण्याच्या उंचीएवढा दाब. तो टिकवायला तासाला घराच्या आकारमानाच्या किती पट हवा खेचावी लागते, तो आकडा म्हणजे घराची गळती. स्वीडनमध्येही त्याच दशकात ही पद्धत आली, कॅनडात ऑर यांनी आपला पंखा तयार केला. रेजायनाच्या घराचा आकडा ०.८ आला. त्या काळच्या साध्या घरांचे आकडे याच्या कित्येक पट असायचे.

मग प्रश्न उरला तो शीर्षकातला. फटी बुजवल्या, आता माणसांनी श्वास काय घ्यायचा? स्वयंपाकाची वाफ, आंघोळीची वाफ, ओल्या कपड्यांचा दमटपणा जाणार कुठे? बेझंट यांच्या गटाने त्यासाठी ऊब परत मिळवणारं यंत्र बनवलं, सुमारे ८० टक्के ऊब राखणारं. पुढे विद्यापीठातूनच घरी बनवता येईल अशा यंत्राचे आराखडे लोकांना मिळू लागले: प्लायवूडची पेटी आणि आत पॉलिथिनच्या कागदाचे थर. त्याच गटातल्या व्हॅन ई नावाच्या अभियंत्याने नंतर कंपनी काढली आणि ते नाव आजही कॅनडातल्या यंत्रांवर दिसतं.

थोडक्यात, रेजायनात आधी घर घट्ट झालं आणि यंत्र त्याच्या मागून आलं. क्रम हा असा आहे.

रेजायनाने आणखी एक अडचण दाखवली: बर्फ. जाणारी दमट हवा चळतीत गार होते तेव्हा तिच्यातलं पाणी पडद्यांवर जमतं. बाहेर कडाक्याची थंडी असेल तर ते तिथेच गोठतं आणि वाट बंद होते. यंत्र जेवढी जास्त ऊब काढून घेणार, तेवढी जाणारी हवा जास्त गार होणार आणि बर्फ लवकर धरणार. म्हणून मधून मधून बाहेरची हवा थांबवून बर्फ वितळू देणं, किंवा येणारी हवा आधी थोडी तापवणं, अशा युक्त्या निघाल्या. माहितीपत्रकावर 'डीफ्रॉस्ट' असा शब्द दिसला की तो इथून आलाय असं समजा.

पुढे त्या घराची सौर यंत्रणा काढून टाकली गेली. भिंती आणि घट्टपणा तेवढा राहिला. २०१५ मध्ये हॅरोल्ड ऑर यांना जर्मनीच्या पॅसिव्ह हाउस संस्थेचा पायोनियर पुरस्कार मिळाला तो याच घरासाठी.

यंत्राशिवाय घट्ट केलेली घरं

सगळीकडे एवढा विचार झाला नाही. बऱ्याच ठिकाणी फटी बुजवल्या आणि तिथेच थांबले. उलट ताज्या हवेचं प्रमाणच कमी केलं. अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संघटनेच्या, म्हणजे ॲशरेच्या, १९८१ च्या मानकात धूम्रपान नसलेल्या जागी माणशी मिनिटाला ५ घनफूट हवा पुरेशी मानली होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी याच क्षेत्रातले लोक माणशी ३० घनफूट मागत होते! डोकेदुखी, डोळे चुरचुरणं, कोंदटपणा अशा तक्रारी वाढल्या. १९८९ च्या मानकात हा आकडा तिप्पट करून १५ वर आणावा लागला.

कॅनडात आणखी एक धडा मिळाला. जुन्या घरांच्या पोकळ भिंतींत युरिया-फॉर्मल्डिहाइडचा फेस भरून घेण्याची लाट आली होती, आवरणासाठी सरकारी अनुदानही होतं. त्या फेसातून सुटणाऱ्या वायूची भीती इतकी वाढली की डिसेंबर १९८० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. पेटेनकोफरने शंभर वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं की खोलीत उकिरडा असेल तर हवा खेळवत बसण्यापेक्षा आधी उकिरडा उचलावा. यंत्र कितीही चांगलं असलं तरी घरात विषारी रंग आणि फर्निचर भरलं तर ते पुरं पडणार नाही.

या सगळ्या पार्श्वभूमीवर १९८२ मध्ये कॅनडात आर-२००० हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात दोन अटी एकत्र होत्या: गळतीचा आकडा १.५ पेक्षा जास्त नको, आणि यंत्राने हवा खेळवणं सक्तीचं. घट्टपणा आणि हवा या दोन गोष्टी तिथे नियमाने एकमेकींना बांधल्या गेल्या.

ओलावा राखायचा की घालवायचा?

जपानमध्ये ही गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. मित्सुबिशी इलेक्ट्रिकने १९७० मध्ये लॉसनाय नावाचं यंत्र बाजारात आणलं. नावातच 'तोटा नाही' असा अर्थ आहे. त्याचे पडदे खास प्रक्रिया केलेल्या कागदाचे होते. कागदातून ऊब तर जातेच, पण पाण्याची वाफही जाते. जपानचा उन्हाळा दमट असतो. बाहेरची ओली हवा आत येताना आपला ओलावा जाणाऱ्या कोरड्या, गार हवेला देऊन टाकते आणि एसीचा भार हलका होतो. हिवाळ्यात उलट, घरातला ओलावा काही प्रमाणात परत आत येतो.

आज या प्रकाराला ईआरव्ही म्हणतात. कोणतं घ्यायचं याचं उत्तर हवामान आणि घर बघून द्यावं लागतं. लहान घर, माणसं जास्त, रोज फोडण्या आणि कुकरच्या शिट्ट्या, कपडे आतच वाळत घातलेले, असं असेल तर हिवाळ्यात ओलावा बाहेर घालवायचा असतो. तिथे साधं एचआरव्ही बरं. मोठं घर, दोनच माणसं, आणि जानेवारीत ओठ फुटण्याइतकी कोरडी हवा, तर ईआरव्ही सोयीचं. मुंबईसारख्या ठिकाणी असं यंत्र बसवायचंच झालं तर ओलाव्याचा विचार आधी करावा लागेल, कारण तिथे त्रास थंडीचा नाही, ओल्या हवेचा आहे. आपल्याकडच्या एसी असलेल्या मोठ्या कार्यालयांत म्हणूनच ओलावाही अडवणारी चाकं वापरतात.

विजेचा हिशोब

जर्मनीत डार्मश्टाट शहरातल्या क्रानिशश्टाइन भागात १९९१ मध्ये एका ओळीतली चार घरं राहायला तयार झाली. त्यांच्यामागे होते वोल्फगांग फाइस्ट आणि स्वीडनचे बो आडामसोन. तापवण्यासाठी वर्षाला दर चौरस मीटरमागे १५ युनिटांपेक्षा कमी ऊर्जा लागणारी ही घरं पुढे 'पॅसिव्ह हाउस' नावाने ओळखली गेली. घट्टपणाची मर्यादा ०.६ ठरली, रेजायनाच्याही पुढे.

इथे वेगळा मुद्दा समोर आला. ऊब वाचवायला पंखे चालवायचे, पण पंखे वीज खातात. ते वर्षभर चोवीस तास चालतात. पॅसिव्ह हाउसने नियम केला: एक घनमीटर हवेमागे ०.४५ वॉट-तासांपेक्षा जास्त वीज नको. तासाला १०० घनमीटर म्हणजे ४५ वॉट, वर्षाला साधारण ३९४ युनिटं. बाहेर-आत १५ अंशांचा फरक धरला तर ८० टक्क्यांचं यंत्र सुमारे ४०८ वॉट ऊब वाचवतं. ४५ देऊन ४०८ मिळाले, सौदा चांगला. पण पंखेच १५० वॉट खात असतील तर सौद्यातली मजा बरीच जाते.

टक्केवारीबद्दलही तिथे कडक धोरण आहे. स्वतःच्या चाचणीतून न गेलेल्या यंत्राची कंपनीने दिलेली टक्केवारी ते हिशोबात जशीच्या तशी धरत नाहीत, १२ अंकांनी कमी करतात. उत्तर अमेरिकेत शून्य अंशाला आणि उणे २५ अंशाला वेगवेगळे आकडे दिले जातात, आणि दुसरा बहुधा कमी असतो. तेव्हा ९० टक्के असं वाचलं की पुढचा प्रश्न विचारायचा: किती थंडीत, किती हवेला आणि कुणी मोजलेले?

नेदरलँड्सची फजिती

आता सगळ्यात शिकवणारी गोष्ट. आमर्सफोर्ट शहरालगत व्हाटहोर्स्ट नावाची मोठी नवी वसाहत उभी राहिली. घराघरांत ऊब परत मिळवणारी यंत्रं होती. २००७-०८ च्या सुमारास रहिवाशांनी आरोग्याच्या तक्रारी केल्या, प्रकरण टीव्हीवर गेलं, आरोग्य खात्याने घरं तपासली.

तपासात दिसलं ते असं. अनेक घरांत ठरलेल्यापेक्षा कमी हवा येत होती. फिल्टर आणि नळ्या घाण झालेल्या होत्या. बाहेर टाकलेली हवा काही ठिकाणी पुन्हा आत ओढली जात होती. उन्हाळ्यात चळत टाळून थेट गार हवा घेण्याची सोय, म्हणजे बायपास, बऱ्याच ठिकाणी नव्हती, त्यामुळे रात्रीही घर तापलेलं. आणि यंत्राचा आवाज झोपायच्या खोलीत येत असल्याने लोकांनी ते सगळ्यात कमी वेगावर ठेवलं होतं. लोकांचं काय चुकलं सांगा? रात्रभर घरघर ऐकत कोण झोपेल?

ऊब परत मिळवण्याच्या कामात यंत्रं नापास झालेली नव्हती. माणसांना नीट हवा मिळत नव्हती. या वादाने नेदरलँड्समध्ये यंत्रांचं नाव पुरतं खराब झालं. २०१२ च्या बांधकाम नियमांत घरातल्या वायुवीजनाच्या आवाजाला ३० डेसिबलची मर्यादा आली. स्वीडनने तर १९९१ मध्येच वायुवीजनाची सक्तीची तपासणी सुरू केली होती. बसवलेली यंत्रणा खरंच चालते का, हे कुणीतरी येऊन बघायचं, असा तो साधा विचार.

मग पत्रक कसं वाचायचं?

इतिहासाने जो क्रम लावून दिलाय, तोच मी सुचवेन.

पहिलं, घराची गळती मोजून घ्या. एक उदाहरण देते. घर ४५० घनमीटरचं आहे, यंत्र तासाला १३५ घनमीटर हवा खेळवतं आणि ८० टक्के ऊब राखतं. पण फटींतून आणखी १८० घनमीटर येते-जाते असं धरू. एकूण ३१५ घनमीटर हवेपैकी ऊब राखली गेली फक्त १०८ घनमीटरएवढी. म्हणजे ८० टक्क्यांचं यंत्र घरात बसल्यावर ३४ टक्क्यांचं झालं. इथे ९० टक्क्यांचं महागडं यंत्र घेऊन फार तर ३९ टक्के होतील. तोच पैसा फटी बुजवण्यावर घातला तर फायदा किती मोठा!

दुसरं, जेवढी हवा रोज हवी तेवढी यंत्राने मधल्या वेगावर दिली पाहिजे. पूर्ण वेगावरचा आकडा बघून लहान यंत्र घेतलं की आवाज होतो, मग माणूस ते बंद करतो.

तिसरं, ओलावा राखायचा की घालवायचा ते तुमच्या घरातली माणसं, स्वयंपाक आणि हवामान बघून ठरवा. चौथं, बर्फ वितळवण्याची आणि उन्हाळ्यातल्या बायपासची सोय विचारा. पाचवं, घनमीटरमागे वीज किती. आणि सहावं, फिल्टर कुठे आहे? माळ्यावर शिडी लावून पोहोचावं लागणार असेल तर तो पहिल्या वर्षानंतर कुणी बदलणार नाही. बसवून झाल्यावर प्रत्येक खोलीत किती हवा येते ते मोजून, लिहून मागा.

टक्केवारी या सगळ्यानंतर बघा. ७५ आणि ९० मध्ये फरक आहेच, थंडी जितकी कडक तितका तो जास्त जाणवतो. पण चांगल्या बंद केलेल्या घरात, शांतपणे, वर्षानुवर्षं चालू राहिलेलं ८० टक्क्यांचं यंत्र हे बंद करून ठेवलेल्या ९५ टक्क्यांच्या यंत्रापेक्षा केव्हाही जास्त ऊब वाचवतं. आणि त्या घरात माणसांना हवाही मिळते. ऊब वाचवणं हा यंत्राचा जोडधंदा झाला, नेमून दिलेलं काम खेळती हवा देण्याचं.

पुढच्या लेखात स्वीडनमधल्या रेडॉन वायूच्या प्रकरणाबद्दल लिहीन. जमिनीतून घरात शिरणाऱ्या, न दिसणाऱ्या, वास नसलेल्या वायूने तिथे घरातल्या हवेची चर्चा कशी बदलली, तो स्वतंत्र विषय आहे.